कांदा, दलाल आणि शेतकऱ्याचा भाव

कांद्याच्या भावाने राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत पाणी आणावे, हा खास भारतीय अनुभव आहे असे आपण समजतो. 1998 साली दिल्ली राज्याच्या निवडणुकीत सत्तांतर झाले ते कांद्यामुळे, असे अजूनही सांगितले जाते. परंतु त्याच्या 91 वर्षे आधी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटल शहरात, याच कांद्याने एका नव्या बाजाराला जन्म दिला होता. आज आपण शनिवारी सकाळी पिशव्या घेऊन ज्या फार्मर्स मार्केटला जातो, त्याच्या इतिहासातले हे एक महत्त्वाचे पान आहे.

1906 ते 1907 या एका वर्षात सिॲटलमध्ये कांद्याचा भाव दहापट झाला, असे सांगतात. गृहिणी संतापल्या. आश्चर्य असे की कांदा पिकवणाऱ्याच्या पदरात या वाढीतले फारसे काही पडत नव्हते. शेतकरी आपला माल वेस्टर्न ॲव्हेन्यूवरच्या अडत्यांच्या पेढीवर टाकून जायचा. माल कितीला विकला गेला, किती खराब झाला, हे अडत्या सांगेल ते खरे. कमिशन कापून उरेल ती रक्कम हाती पडायची, आणि कधी कधी तीही नाही. वाचकहो, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ही अडत आणि ही पट्टी मुद्दाम समजावून सांगायला नको.

टॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने यावर एक साधा उपाय सुचवला. शहराने रस्त्यावर जागा द्यावी, शेतकऱ्याने गाडी तिथे उभी करावी आणि गिऱ्हाइकाला थेट माल विकावा. 17 ऑगस्ट 1907 रोजी, शनिवारी, पाइक प्लेसच्या कोपऱ्यावर हा बाजार भरला. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या जेमतेम आठ-दहा, आणि गिऱ्हाइके आली हजारोंनी. दुपारच्या आत गाड्या रिकाम्या झाल्या आणि कित्येकांना रिकाम्या पिशव्या घेऊन परतावे लागले. क्लोंडाइकच्या सोन्यात पैसा मिळवलेल्या फ्रँक गुडविनने ही गर्दी पाहिली आणि नोव्हेंबर अखेरीस तिथे 76 गाळ्यांची पहिली छपरी इमारत उभी केली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा बाजार काढला तो स्वस्ताईसाठी. आज 'फार्मर्स मार्केट म्हणजे महागडा प्रकार' अशी आपली समजूत आहे. हे उलटे कसे झाले, हाच खरा प्रश्न आहे.

पिकवणारे कोण होते?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाइक प्लेसच्या शेतमालाच्या गाळ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक गाळे जपानी वंशाच्या कुटुंबांचे होते. वॉशिंग्टन राज्याच्या 1921 च्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना जमिनीची मालकी तर नाकारलीच, खंडाने जमीन घेण्याचे मार्गही बंद केले. तरीही अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर किंवा ओळखीच्या गोऱ्या माणसांच्या आडोशाने त्यांनी शेती टिकवली आणि शहराला भाजी पुरवली. मग 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा 9066 क्रमांकाचा हुकूम निघाला. त्या वसंत ऋतूत ही कुटुंबे उभ्या पिकांसकट शेते सोडून छावण्यांत गेली. त्यांतली पुष्कळशी या धंद्यात परत आलीच नाहीत. 1998 साली बाजाराच्या प्रवेशद्वारापाशी अकी सोगाबे या कलावतीची पाच चित्रे त्यांच्या स्मरणार्थ बसवण्यात आली. आपणही या देशात बाहेरून आलेली माणसे आहोत. ती चित्रे घाईने ओलांडून जाऊ नयेत.

युद्धानंतर हमरस्ते झाले, शीतगृहे आली, कॅलिफोर्नियाची भाजी बारा महिने सुपरमार्केटात मिळू लागली. पाइक प्लेसच्या शेतकऱ्यांची संख्या शेकड्यांवरून काही डझनांवर घसरली. हा बाजार पाडून तिथे हॉटेल, कचेऱ्या आणि वाहनतळ बांधायचा बेत होता. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने नागरिकांनी तो प्रश्न मतपेटीपर्यंत नेला आणि 2 नोव्हेंबर 1971 रोजी मतदारांनी बाजाराच्या बाजूने कौल दिला.

दुसरा डाव

त्यानंतरच्या काही वर्षांत चक्रे फिरली. 1976 साली अमेरिकन काँग्रेसने शेतकरी ते ग्राहक अशा थेट विक्रीला उत्तेजन देणारा कायदा केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बॅरी बेनेपी आणि बॉब लुइस यांनी ग्रीनमार्केट सुरू केले. 1977 मध्ये कॅलिफोर्नियाने, शेतकरी स्वतः विकत असेल तर ठराविक आकाराच्या खोक्यांतच फळे भरण्याचे बंधन सैल केले. 1994 साली सरकारी गणतीत देशभरात 1,755 असे बाजार होते, 2014 साली 8,268.

मात्र या वेळी उद्देश बदललेला होता. 1907 मध्ये गिऱ्हाइकाला महागाईतून सोडवायचे होते. 1976 मध्ये लहान शेतकऱ्याला नामशेष होण्यापासून वाचवायचे होते. अमेरिकन ग्राहक अन्नावर जो एक डॉलर खर्च करतो, त्यातले सुमारे 15 सेंटच शेतापर्यंत पोचतात असा कृषी खात्याचा हिशेब आहे. मग थेट विकले तर उरलेले 85 सेंटही शेतकऱ्याचेच, असे वाटणे साहजिक आहे. इथेच हिशेब चुकतो. दलाल काढून टाकला तरी दलालाचे काम शिल्लक राहतेच. धुणे, निवडणे, गाडीत भरणे, शहरात नेणे, दिवसभर उभे राहणे आणि न खपलेला माल परत आणणे, हे सगळे शेतकऱ्याच्या अंगावर येते.

मी इंजिनियर, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. हे आकडे कल्पित आहेत, पण गणित खरे आहे. समजा, एकाने 200 पौंड टोमॅटो आणले. घाऊक व्यापारी पौंडाला 1 डॉलर देतो, म्हणजे 200 डॉलर झाले. बाजारात त्याने 3 डॉलरची पाटी लावली, पण पाऊस आला आणि 140 पौंडच खपले. हाती आले 420. त्यातून जागेचे भाडे 40, पेट्रोल 40 आणि मदतनिसाची दहा तासांची मजुरी 150 गेली. उरले 190. त्याचा स्वतःचा दिवस फुकट! ऊन पडून सगळा माल गेला असता, तर 370 उरले असते. म्हणजे पाटीवरचा भाव हा टोमॅटोचा भाव नसतो. त्यात पावसाळी दिवसाचा विमाही असतो.

भाव ठरवायचा तरी कसा? सर्व विक्रेत्यांनी संगनमताने एक भाव ठरवणे 1890 च्या शर्मन कायद्याच्या विरुद्ध जाते. म्हणून प्रत्येकजण सकाळी शेजाऱ्याची पाटी वाचून आपली लिहितो. हंगामाचा पहिला माल महाग लावतो. पालेभाजी जुडीवर विकतो, म्हणजे वजनकाट्याची भानगड नको.

महागाईचा प्रश्न मात्र खोटा नाही. गरिबांसाठी फूड स्टँप चालत, तेही 1990 च्या दशकात कागदी कूपनांऐवजी कार्डावर आले. मोकळ्या मैदानातल्या गाळ्यावर ना वीज, ना फोनची तार! आमच्या संगणक व्यवसायाने आखलेल्या सोयीने गरीब गिऱ्हाईक बाजारातून बाहेर पडले. पुढे बाजाराच्या कचेरीत एकच यंत्र ठेवून लाकडी टोकन देण्याची युक्ती निघाली, तेव्हा ते थोडेफार परतले.

महाराष्ट्राने याच दुखण्यावर वेगळे औषध घेतले. वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांसाठी 1897 सालीच कायदा झाला. पुढे 1963 च्या कायद्याने बाजार समित्या आल्या. दलाल हटवायचा नाही, त्याच्यावर नियम घालायचे, ही त्यामागची कल्पना. 2016 साली फळे-भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून मोकळा झाला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवण्याची मोहीम निघाली. तिथल्या शेतकऱ्यापुढेही हाच हिशेब आहे: न खपलेल्या मालाचे काय?

आपल्या मंडळींना घासाघीस केल्याशिवाय भाजी घेतल्यासारखे वाटत नाही. वरच्या उदाहरणात पौंडामागे 50 सेंट कमी केले, तर 190 चे 120 होतात. त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट करता येईल. गणेशोत्सव येतो ऐन सुगीत, जेव्हा घेवडा, वांगी, मक्याची कणसे भरपूर असतात. मंडळाच्या जेवणाची भाजी दोन आठवडे आधी एखाद्या शेतकऱ्याला सांगून ठेवली, तर त्याला खपाची खात्री मिळते, आणि खात्रीच्या गिऱ्हाइकाला तो भाव आपणहून कमी करून देऊ शकतो. आगाऊ थोडी रक्कमही द्यावी. कार्यकारिणीने यंदा याचा विचार करावा, ही विनंती.