येझदी, अंदर आव!

उदवाड्यात इराणशाह अग्निमंदिराजवळच्या गल्लीत गाडी स्टँडवर चढवत होतो, तेवढ्यात ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, "येझदी, अंदर आव!" मी दचकून माझ्या जुन्या येझदी मोटारसायकलकडेच पाहिलं. मागून सात-आठ वर्षांचा पोरगा धावत आला आणि घरात शिरला. सिल्वासाहून निघालो होतो थंडीतलं 'दूध ना पफ' प्यायला, परतलो ते या नावाची कुळकथा डोक्यात घेऊन.

ठाऊक असलेलं आधी उरकतो. जावा ही चेक मोटारसायकल; नाव म्हणजे संस्थापक यानेचेक अधिक वाँडरर कंपनी, १९२९. रुस्तम आणि फारुख इराणींनी ती म्हैसूरला आणली, १९६१. तिचीच १९७३ साली येझदी झाली, १९७८ला रोडकिंग आली, १९९६ला कारखाना बंद पडला आणि २०२२ला नाव परतलं ते ३३४ सीसीची 'अ‍ॅडव्हेंचर' सोबत घेऊन. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, ऑफ-रोडसाठी एबीएसचा वेगळा मोड. लोकांना हा नवा अवतार वाटला. पण हे रक्त मूळचंच रानवाटेचं. 'सिक्स डेज' ही सहा दिवसांची शर्यत चेक संघाने १९४७ साली आपल्या घरी, झ्लीनला जिंकली आणि सत्तरच्या दशकात जावावर बसून वारंवार जिंकली. त्या शर्यतीच्या नावात १९८१पासून 'एन्ड्युरो' आलं. हा शब्द स्पॅनिश वाटतो, पण आहे अमेरिकन: 'एन्ड्युरन्स'ला लावलेलं झोकदार शेपूट.

खरी गंमत 'येझदी'त आहे. जावाप्रेमींचा एक गट छातीठोकपणे सांगतो की हा शब्द चेक आहे. चेक भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'तो गाडीने येतो-जातो'. उच्चार जवळजवळ जुळतो, अर्थही चपखल. दुसरा गट म्हणतो, इराणींचं मूळ गाव इराणमधलं यझ्द, म्हणून यझ्दी. पुण्याचा तो पुणेरी तसं. यावर चेकवाले विचारतात, मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए' सोडून 'ई' कुठून आला?

मीही बरीच वर्षं या 'ई'वर अडून होतो. उदवाड्यातल्या हाकेने तो सुटला. पारशांत येझदी हे मुलाचं सरळ घरगुती नाव आहे आणि ते 'ई'नेही लिहितात. मुळात राजाचं नाव, यझ्दगर्द. तिसरा यझ्दगर्द ६३२ साली गादीवर बसला, तिथपासून पारशी आपलं साल मोजतात. शिवाय जावाचं नाव उतरवून स्वतःचं लावायच्या घडीला माणूस घरातलं नाव शोधेल की चेक क्रियापद? म्हैसूरच्या कारखान्यात कुणा चेक इंजिनिअरला ते ऐकून हसू फुटलं असेल, एवढं मी मान्य करतो.

पण खोदत गेलो तर दोन्ही वाटा आपल्याच अंगणात आल्या. यझ्द म्हणजे देव, अवेस्तातला 'यझत', संस्कृतातला 'यजत'. गर्द म्हणजे 'कृत'. म्हणजे यझ्दगर्द हा देवाने घडवलेला, आणि त्याचं कूळ आपल्या यज्ञाचं, यजमानाचं. चेक 'येझ्दी' निघते 'या' धातूच्या घराण्यातून, जिथून यान आलं, यात्रा आली आणि गावची जत्राही. भांडण आहे ते यजमान आणि जत्रेचं!

खानवेलच्या पुढे दुधनीकडे चढ लागला की मला जत्रेचा पक्ष पटू लागतो. माझ्या येझदीत गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, डावा हात मोकळा. मागे टू-टी ऑईलचा निळा धूर. चिखलातून ही गाडी खरोखर 'येते-जाते'.

तरी माझं मत त्या पोराच्या पारड्यात. नावाच्या मालकीचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. नावाच्या जन्माचा निकाल मात्र आपल्यालाच लावायचाय. कुणाच्या ट्रंकेत १९७३ची येझदीची जाहिरात किंवा डीलरला आलेलं पत्र पडलं असेल, तर रद्दीत घालू नका. एकदा पाहू द्या.