कोल्हापुरांतील पेठ, गिरणी आणि चहाचें दुकान

एखादें शहर वाढूं लागलें म्हणजे तेथील नागरिकाच्या बोलण्यांत मोजमापाची भाषा येऊं लागते. किती नवीं दुकानें उघडलीं, किती कारखाने आले, रस्ता किती रुंद झाला, जागेचा भाव कोठें जाऊन पोंचला, हें तो मोठ्या हौसेनें सांगतो. ह्या आंकड्यांना अर्थ नाहीं असें कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबून चालत नाहीं. त्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ह्या वाढीनें कोणाला काय बनविलें? काल जो दुसऱ्याच्या दारांत चाकर म्हणून उभा होता तो आज आपल्या धंद्याचा धनी झाला काय, कीं नुसता धनी बदलला आणि चाकर तोच राहिला? कोल्हापूरच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे प्रस्तुत लेखांत ह्याच एका प्रश्नाच्या अनुरोधानें पाहावयाचें आहे. १९०१ सालीं ज्या शहराची वस्ती सुमारें चौपन्न हजार होती, ती २०११ च्या खानेसुमारींत साडेपांच लाखांच्या घरांत गेली. वस्ती दसपट झाली. धनी किती पट झाले?

कोल्हापूर हें मूळचें देवीचें क्षेत्र आणि करवीर राज्याची राजधानी. त्यामुळें तेथील जुना बाजार अंबाबाईच्या देवळाच्या व राजवाड्याच्या आश्रयानें वाढला. महाद्वाराबाहेर यात्रेकरूंसाठीं हळदकुंकवाचीं व ओटीच्या सामानाचीं दुकानें, गुजरींत सोनारांच्या पेढ्या, आणि भोंवतालच्या गल्ल्यांतून कासार, तांबट, चांभार ह्यांचे धंदे, असा तो बाजार होता. त्याची शोभा कोणीही मान्य करील. पण त्याला एक मोठी मर्यादा होती. ज्याचा जो धंदा तो त्याच्या जातीनें ठरलेला, आणि दुकानाच्या पायरीवर कोणीं चढावें व कोणीं रस्त्यावर उभें राहून माल मागावा, हेंही ठरलेलेंच होतें.

पंचगंगेच्या व तिला येऊन मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत ऊंस पिकतो आणि त्याचा उत्तम गूळ होतो, हें सर्वांना ठाऊक आहे. रेल्वे येण्यापूर्वीं हा माल बैलगाड्यांनीं सह्याद्रीचे घाट उतरून कोंकणांतील बंदरांकडे जात असे. १८९१ सालीं मिरजेपासून कोल्हापुरापर्यंत लोहमार्ग झाला, आणि पश्चिमेकडे असलेलें व्यापाराचें तोंड पूर्वेकडे वळलें. शाहू महाराजांनीं एप्रिल १८९४ मध्यें राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, स्टेशनच्या बाजूस शाहूपुरी ही नवी पेठ वसविली. ‘पेठ वसविणें’ हा आपल्या भाषेंतला जुना आणि फार सूचक शब्दप्रयोग आहे. पेठ आपोआप उगवत नाहीं. तिच्यासाठीं जागा आंखून द्यावी लागते, व्यापाऱ्यांना बोलावून आणावें लागतें, त्यांच्या मालाला व पैशाला अभय द्यावें लागतें. पुढें रेल्वेच्या ह्याच मार्गावर महाराजांनीं आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नांवें जयसिंगपूर वसविलें, तेंही ह्याच दृष्टीनें.

शाहूपुरींत गुळाचा बाजार भरूं लागला आणि शेतकऱ्याला आपल्या मालाचा लिलाव जवळच, डोळ्यांदेखत होतांना पाहावयास मिळाला. हा लाभ लहान नव्हता. पण ह्या बाजाराची अंतर्रचनाही ध्यानांत घेतली पाहिजे. गुऱ्हाळ चालू होण्याच्या आधींच शेतकऱ्याला पैशाची नड असते. लागवडीला, खताला, चरकाच्या भाड्याला, काहिलीखालीं राबणाऱ्या माणसांच्या मजुरीला रोख रक्कम लागते. ती अडत्या उचल म्हणून देतो. आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच दुकानीं गुळाचे रवे नेऊन घालणें शेतकऱ्याला भाग पडतें. म्हणजे बाजार गांवाजवळ आला, तरी त्याची किल्ली शेतकऱ्याच्या हातीं आली नाहीं. शाहूपुरीनें व्यापारी मोठा केला, शेतकऱ्याला कांहींसा सुखी केला. पण धनी केला असें म्हणतां येत नाहीं. हा बाजार कालांतरानें मार्केट यार्डांत गेला, तरी उचलीचा तिढा केवळ जागा बदलल्यानें सुटण्यासारखा नव्हता.

दुसरा प्रयोग गिरणीचा. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट देशभर उसळली होती, त्याच सुमारास, २७ सप्टेंबर १९०६ रोजीं, शाहू छत्रपति स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची कोनशिला बसली. कोल्हापूरसारख्या संस्थानाच्या राजधानींत सुताची व कापडाची गिरणी निघणें ही त्या काळीं मोठी घटना होती. पुढें कित्येक पिढ्या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यानें उजाडे आणि भोंग्यानेंच मावळे. हजारों घरांतली चूल तिच्यावर पेटली. बांधलेला पगार ही गोष्ट ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती, त्यांना ती गिरणीनें दाखविली, आणि त्यांच्या मुलांना शाळेची वाट मोकळी झाली. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

तथापि ही गिरणी २००३ सालीं बंद पडली, तेव्हां मागें काय उरलें? जमीन उरली, इमारती उरल्या, आणि स्मारकाच्या चर्चा उरल्या. साच्यावर तीस वर्षें उभा राहिलेला कामगार बाहेर पडला तेव्हां त्याच्या हातांत कसब होतें, पण तें कसब त्या अवाढव्य यंत्रावांचून निरुपयोगी होतें. घरीं नेऊन मांडतां येईल असें त्यांत कांहीं नव्हतें. गिरणीनें माणसाला पोसलें. पण ती गेली त्या दिवशीं त्याचें धंद्याचें शिक्षणही तिच्याबरोबर गेलें.

आतां तिसऱ्या प्रयोगाकडे वळूं. तो आकारानें इतका लहान आहे कीं, औद्योगिक इतिहासाच्या ग्रंथांत त्याला जागा मिळणें कठीण. परंतु माझ्या मतें ह्या सर्व हकीकतींत तोच मोठा आहे. १९१८ सालीं महाराजांनीं बलुतेदारीची पद्धत कायद्यानें बंद केली आणि महार वतनेंही नाहींशीं केलीं. १९१९ मध्यें शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा अशा सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम निघाले. वाटेल त्यानें वाटेल तो धंदा करावा, ही मुभा कागदावर मिळाली. पण कागदावरची मुभा आणि भरलेला गल्ला ह्यांमध्यें फार मोठें अंतर असतें. तें अंतर कसें तोडावें, हें गंगाराम कांबळे ह्यांच्या चहाच्या दुकानानें दाखविलें.

गंगाराम हे महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. वरिष्ठ जातींसाठीं राखलेल्या पाण्याला ते शिवले म्हणून त्यांना इतर नोकरांनीं बेदम मारहाण केली. महाराज तेव्हां परगांवीं होते. परत आल्यावर त्यांनीं मारणाऱ्यांना शासन केलें. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं गंगारामांना चाकरींतून मोकळें केलें आणि स्वतःचा धंदा काढण्यास पैसा दिला. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचें ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभें राहिलें. दुकान स्वच्छ, चहा चांगला, जागा हमरस्त्यावरची. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास कोणी फिरकेना. तेव्हां महाराज स्वतः आपली गाडी त्या दारांत उभी करवीत, गंगारामांकडून चहा मागवीत, आपण पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत, अशी हकीकत कोल्हापुरांत आजही सांगतात.

ह्या गोष्टीकडे आपण बहुधा महाराजांच्या उदारपणाचें एक उदाहरण म्हणून पाहतों. ती तशी आहेच. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेंही तिचा विचार व्हावयास पाहिजे. कोणत्याही धंद्याला तीन गोष्टी लागतात : भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक. पहिल्या दोन गोष्टी राजसत्ता देऊं शकते. तिसरी कायद्यानें देतां येत नाहीं, कारण कोणीं कोणाच्या दुकानीं चहा प्यावा ह्याची सक्ती करतां येत नाहीं. शाहू महाराजांनीं हें अचूक ओळखलें आणि ते स्वतःच गिऱ्हाईक झाले. शाहूपुरीसाठीं त्यांनीं जमीन दिली, गिरणीसाठीं राज्याचें पाठबळ दिलें; चहाच्या दुकानासाठीं त्यांनीं आपली पंगत दिली. आणि ह्या तिघांपैकीं ज्यानें एका चाकराचा निर्विवादपणें धनी केला, तो प्रयोग ह्या दुकानाचाच होय. महाराज १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या स्मारकासाठीं जे प्रयत्न झाले त्यांत अगदीं आरंभींचा, १९२५ सालचा, ह्याच गंगाराम कांबळ्यांच्या पुढाकारानें झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

चौथी हकीकत कोणा एका माणसाच्या संकल्पाची नाहीं. तिचा आरंभ दुरुस्तीच्या कामांत झाला. उंसाचे चरक, पाण्याचे पंप आणि परदेशी तेलाचीं एंजिनें नादुरुस्त होत, आणि त्यांचे सुटे भाग मिळविण्यास मुंबईपर्यंत धांवावें लागे. तेव्हां कोल्हापूरच्या लोहार-सुतारांनीं व त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या पोरांनीं ते भाग स्वतःच घडविण्यास सुरुवात केली. म्हादबा मेस्त्री ह्यांचें नांव ह्या संबंधांत आजही आदरानें घेतलें जातें. ह्याच शहरांत बाबूराव पेंटर ह्यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करून १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, हें आठवलें म्हणजे येथील हवेंतच यंत्राविषयींचें हें धाडस असावें असें वाटतें. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत परदेशी एंजिनें येईनाशीं झालीं आणि येथील दुरुस्ती करणारे हात एंजिनें बनवूं लागले. शिवाजी उद्यमनगरांतल्या लहान शेडींतून तेलाचीं एंजिनें शेतोशेतीं गेलीं. पुढें खेडोपाडीं वीज पोंचली, एंजिनांची मागणी ओसरली, आणि हा धंदा बुडणार असें वाटूं लागलें. पण तो बुडाला नाहीं. एंजिनाचे भाग ओतणारी फौंड्री मोटारींचे भाग ओतूं लागली. शिरोली व गोकुळ शिरगांव येथील वसाहतींत आज ज्या शेंकडों फौंड्र्या व यंत्रशाळा आहेत, त्यांचें मूळ ह्या स्थित्यंतरांत आहे.

गिरणी मेली आणि फौंड्री जगली, ह्याचें कारण काय? माझ्या समजुतीप्रमाणें तें असें कीं, फौंड्रींत व लेथवर शिकलेलें कसब माणसाला बरोबर नेतां येत होतें. वाळूचा साचा कसा बसवावा, लोखंडाचा रस केव्हां ओतावा, हें जो मुलगा उस्तादाच्या हाताखालीं दहा वर्षें शिकला, तो उसनवारीनें एक जुना लेथ घेऊन शेजारच्या शेडींत स्वतंत्र होऊं शकत होता. व्यापाराची परंपरा नसलेल्या कित्येक घराण्यांतील माणसें ह्या वाटेनें कारखानदार झालीं. त्या कामांतली धग, धूळ, आणि भाजण्याचें भय हीं खरींच आहेत, आणि त्यांचें वर्णन गोड शब्दांत करण्याचें कारण नाहीं. पण तेथें चाकरीच्या खोलीला धनीपणाच्या खोलीकडे जाणारें एक दार होतें.

आतां वर्तमानाकडे. हमरस्त्याच्या बाजूनें मोटारींचीं प्रदर्शनगृहें उभीं राहिलीं आहेत, शहरांत मॉल आले आहेत, आणि कागल-हातकणंगले येथें पंचतारांकित म्हणविणारी औद्योगिक वसाहत पसरली आहे. ह्या सर्वांना नांवें ठेवणें हा माझ्या वयाच्या माणसांचा आवडता उद्योग आहे. मी तो करणार नाहीं. मॉलच्या दारांत कोणाला जात विचारीत नाहींत, सरकत्या जिन्यावर सर्वजण एकाच पायरीवर उभे राहतात, आणि खालीं चहा कोणीं केला ह्याची वरती बसून पिणारा चौकशी करीत नाहीं. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या त्या रिकाम्या दुकानापासून आपण एवढें पुढें आलों, हें मोठेंच अंतर आहे.

पण गेल्या वर्षीं माझ्या वर्गांतला एक विद्यार्थी सहज बोलतां बोलतां आपल्या घरची हकीकत सांगून गेला. आजोबा गिरणींत साच्यावर; वडील फौंड्रींत शिकून पुढें दोन लेथ टाकून बसलेले; आणि तो स्वतः संध्याकाळीं मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांत घड्या घालतो. पगार वेळेवर होतो, जागा थंड आहे, वडिलांच्या शेडीपेक्षां काम हलकें आहे. “मग दहा वर्षांनीं तिथें तुम्ही कोण व्हाल?” असें मीं विचारलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, तिथें दहा वर्षें कोणी राहतच नाहीं.”

त्या मुलाच्या उत्तरांत आजच्या वाढीचें वर्म आहे. दुकान कोल्हापुरांत, पण त्याचा धनी दूर कोठें तरी. माल कोठला, भाव कोणीं ठरविला, हें विकणाऱ्याला ठाऊक नाहीं. मोठ्या कारखान्यांतही कंत्राटावर राबणारा मनुष्य ठराविक महिने भरले कीं बाहेर पडतो, आणि शिकला न शिकला तों दुसरीकडे नवखा म्हणून उभा राहतो. कसब हातांत मुरण्यास जो काळ लागतो तोच त्याला मिळत नाहीं. गिरणीनें निदान तीस वर्षें पोसलें होतें.

म्हणून नव्या वसाहतीची योजना पुढें येईल तेव्हां किती कोटींचें भांडवल येणार एवढेंच विचारून नगरवासीयांनीं स्वस्थ बसूं नये. तींत लहान माणसाला परवडेल असा गाळा आहे काय, शिकाऊ उमेदवाराला पुरतीं वर्षें शिकूं देणार आहेत काय, आणि त्यानें उद्यां स्वतःचें यंत्र मांडलें तर त्याला पहिलें काम कोण देणार आहे, हेंही विचारलें पाहिजे. ह्यांतला शेवटचा प्रश्न सरकारला विचारून भागणार नाहीं. तो आपण स्वतःला विचारावयाचा आहे. राजे गेले, संस्थानही १९४९ सालीं विलीन झालें. त्या चहाच्या दुकानासमोर गाडी थांबविण्याचें काम आतां गिऱ्हाइकाकडे, म्हणजे तुम्हां-आम्हांकडे, आलेलें आहे.