नासिर खुस्रोचं वाळवंट

वाळवंट म्हटलं की आपल्याला चंद्रभागेचं वाळवंट आठवतं. टाळ-मृदंग, फुगड्या, माणसांची दाटी. फारसीत लिहिणाऱ्यांचं वाळवंट अगदी उलटं. तिथे पाणी नाही, सावली नाही, आपल्याला ओळखणारं कुणी नाही. देवाकडे जाणाऱ्या वाटेला त्यांनी म्हणूनच वाळवंटाची उपमा दिली. त्यांच्या कवितेत ती पुष्कळ सापडते. आज आम्ही सांगतोय ती मात्र एका माणसाची स्वतःची हकीकत आहे.

नासिर खुस्रोचा जन्म १००४ सालचा. तो मर्वला सेल्जुक राजवटीत मोठा कारकून होता. पगार चांगला आणि दारूचाही शौक. १०४५ मध्ये त्याला स्वप्न पडलं. कुणीतरी दारूवरून त्याची कानउघाडणी केली आणि मक्केच्या दिशेला बोट दाखवलं. चाळीस वर्षं आपण झोपेतच होतो, असं त्याला वाटलं. त्याने नोकरी सोडली आणि निघाला. सोबत धाकटा भाऊ आणि एक हिंदुस्थानी गुलाम पोरगा. या पोराचं नाव वहीत नाही. आम्हाला ते हवं होतं.

ही वही म्हणजे ‘सफरनामा’. त्यात भाव, मापं, अंतरं सगळं लिहिलेलं. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हा माणूस लगेच आपला वाटेल.

मक्केहून परतताना अरबस्तानच्या वाळवंटात फलज नावाच्या वस्तीत तो चार महिने अडकला. जवळ पैसा नाही, फक्त पुस्तकांच्या दोन टोपल्या. तिथले लोक भुकेले, नमाजालाही ढाल-तलवार घेऊन येणारे. पुस्तकं कोण घेणार? त्याच्याकडे थोडा शेंदरी आणि निळा रंग होता. मशिदीच्या भिंतीवर त्याने दोन ओळी लिहिल्या, भोवती पानं-फांद्या काढल्या. सगळी गढी बघायला लोटली. मेहराब रंगवून दे, शंभर मण खजूर देतो, म्हणाले. (त्यांचा मण आपल्या मणापेक्षा बराच लहान.) एका टोळीने पाचशे मण मागितला तेव्हा याच लोकांनी लढाई केली, दहा माणसं गमावली, हजार झाडं तोडली गेली, पण खजूर दिला नव्हता.

मेहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. स्वप्नात बोट गेलं ती हीच दिशा. तिच्यासाठी घर सोडलं, आणि तिच्याच कोनाड्याने पोट भरलं. नासिर स्वतः असं काही म्हणत नाही. तो खजूर मोजतो आणि पुढे जातो. आम्हाला वाटतं, त्याचं अध्यात्म या न बोलण्यातच आहे. कवीच्या वाळवंटात ‘मी’पण गळतं, याच्या वाळवंटात आधी कपडे गळले.

१०५१ मध्ये तो बसऱ्याला पोहोचला. केस वाढलेले, पाठीवर जाडंभरडं कापड. पुस्तकांची पडशी विकून हमामखान्याचे पैसे जमवले. हमामवाल्याने वेडे समजून हाकललं, पोरांनी दगड मारले. पुढे एका वजिराने मदत केली. नवे कपडे घालून दोघे भाऊ पुन्हा त्याच हमामात गेले, तर सगळे उठून उभे! नोकर आपसात कुजबुजले, हे तेच की काय? नासिरने अरबीतच उत्तर दिलं: हो, पाठीवर गोणपाट होतं ते आम्हीच.