भिऱ्याचा झोत आणि कुंडलिकेचे अवजल

पाण्याच्या धारेने पोलाद कापणारी यंत्रे हल्लीच्या कारखान्यांत परिचित झाली आहेत. त्यांत पाण्यावर सुमारे ४,००० वातावरणांचा दाब देऊन ते नीलमण्याच्या किंवा हिऱ्याच्या अतिसूक्ष्म छिद्रातून सोडतात. कठीण धातूसाठी त्या धारेत गार्नेटची रेती मिसळतात. अशा यंत्राचे आयुष्य येणाऱ्या पाण्याच्या स्थितीवर फार अवलंबून असते. विरघळलेले क्षार व सिलिका छिद्राच्या कडेवर साचतात, बारीक गाळ ती कड झिजवतो, आणि पुरवठ्याचा दाब खालीवर झाला की पंप कुरकुरू लागतो. अतिशुद्ध केलेले पाणीही चालत नाही, कारण ते धातूलाच खाऊ लागते. या तंत्राचा इतिहास १९५० नंतरच्या अमेरिकी प्रयोगांपासून सांगण्याची प्रथा आहे. परंतु उच्च दाबाची धार आणि तिला लागणारे पाणी हा प्रश्न कोकणात त्याआधीच, रोह्याच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे उभा राहिला होता.

भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचे टाटांचे हे तिसरे वीजगृह. मुळशीच्या जलाशयातील पाणी घाटमाथ्यावरून दाबनळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली येते, म्हणजे तळाशी सुमारे ५० वातावरणांचा दाब उत्पन्न होतो आणि झोत सेकंदाला जवळजवळ १०० मीटर वेगाने पेल्टन चक्राच्या जुळ्या द्रोणांवर आदळतो. या चक्राचा जन्मही खाणीतला आहे. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगरच पाण्याच्या झोताने कापीत, त्याच प्रदेशात लेस्टर पेल्टन याने आपले चक्र सिद्ध केले (पेटंट १८८०). झोताने कापणे आणि झोताने फिरविणे ही एकाच घराण्यातील दोन कामे होत. दोघांचा शत्रूही एकच, गाळ. हिमालयातील नाथपा-झाकरीसारख्या वीजगृहांना नदीत गाळ वाढला की चक्रे बंद ठेवावी लागतात. भिऱ्याला ही अडचण तेवढी भासली नाही, कारण तेथे वाहत्या नदीचे नव्हे, तर विस्तीर्ण जलाशयात निवळलेले पावसाचे पाणी येते.

निवळलेले, बारमाही आणि ठराविक दाबाचे, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या त्या मुळशी पेट्यात. मुळा-नीळा खोऱ्यातील भाताची खाचरे व गावे त्यासाठी पाण्याखाली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी तेथे सत्याग्रहाला प्रारंभ झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट ही त्यातील अग्रगण्य नावे. १९२४ अखेर लढा संपला, धरण झाले. यंत्राच्या अटींची किंमत यंत्राजवळ द्यावी लागत नाही, ती वर कोठेतरी दिली जाते. यंत्रविषयक लिखाणात याची नोंद क्वचितच आढळते.

त्या पाण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न रोह्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मुळा ही भीमेच्या व पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातली. तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचे, ते आता चक्रे फिरवून कुंडलिकेत उतरू लागले. कृष्णा पाणी तंटा लवादाने पुढे या पश्चिमवळणाला मर्यादाही घातली. कोकणच्या नद्या एरवी पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र वैशाखातही वाहू लागली. नदीची प्रकृतीच पालटली. पण हे कोणी योजिले नव्हते. वीजगृहाच्या लेखी ते अवजल, काम उरकलेले पाणी होते. याच अवजलावर डोलवहाळचा बंधारा व कालवे झाले, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची रोह्याजवळची धाटाव वसाहतही पुढे याच नदीच्या काठी आली. रोह्याच्या खालच्या अंगाला खाडी लागते, भरतीबरोबर खारे पाणी वर चढते. तेव्हा कारखान्याला गोडे, बारमाही पाणी मिळाले ते नदीचे म्हणून नव्हे, तर दुसऱ्या एका यंत्राचे सोडलेले म्हणून.

या पाण्याचे वेळापत्रक मुंबईच्या विजेच्या मागणीशी बांधले गेले. पावसाऐवजी दिवसाचा प्रहर नदीचा चढउतार ठरवू लागला. कोलाडला नौकाविहार करणारे आजही सकाळी पाणी सुटण्याची वाट पाहतात. ज्या कुंडलिकेचे पाणी कारखान्यांनी शुद्ध म्हणून घेतले, तीच धाटावच्या रासायनिक सांडपाण्याने खाली दूषित झाली, हा विरोधाभास दडविण्यासारखा नाही.

पेणकडे असे आयते अवजल आले नाही. तेथे साठा करावा लागला तो हेटवण्याच्या धरणात, आणि साठा होताच वाटपाचा वाद उभा राहिला. धरणाचे पाणी नवी मुंबईकडे जाऊ लागले, तर खारेपाटातील गावे पिण्याच्या पाण्यासाठी झगडत राहिली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी मागण्यात आल्या, तेव्हा शेतकऱ्यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की या जमिनी हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहेत, त्या कोरडवाहू म्हणून घेता येणार नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या २२ गावांत सरकारने या प्रश्नावर जनमत घेतले. तो प्रकल्प उभा राहिला नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांपाशी सुपीक खाचरे होती. पेणच्या शेतकऱ्यांपाशी त्याखेरीज लाभक्षेत्राचा सरकारी नकाशाही होता.