शिक्षकाचा दिवस केव्हा संपतो?

शाळेची शेवटची घंटा झाली म्हणजे विद्यार्थ्याचा दिवस संपला, हे सर्वांस ठाऊक आहे. शिक्षकाचा दिवस केव्हा संपतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वह्यांचा गठ्ठा काखेत मारून तो घरी जातो, रात्री दुसऱ्या दिवसाचे टाचण काढतो, रविवारी पालकसभेला हजर राहतो, आणि गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग आपल्या मोकळ्या तासाला सांभाळतो. हे सारे त्याच्या करारात आहे काय? असल्यास कोठे लिहिले आहे? आणि नसल्यास ते करण्यास त्याला सांगण्याचा अधिकार कोणाचा? वरवर पाहता हा प्रश्न रजा आणि वेतनवाढ यांच्या पंगतीत बसणारा, कचेरीतल्या कागदांचा वाटेल. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या एका प्रश्नावरून निकटचे स्नेही दुरावले आहेत, संप झाले आहेत आणि दावे न्यायालयापर्यंत गेले आहेत. म्हणून श्रोत्यांपुढे आज आम्ही त्याचा थोडासा इतिहास मांडणार आहोत. आरंभ आपल्या घरापासूनच करू.

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. टिळक व नामजोशी त्यांना मिळाले, आणि वामन शिवराम आपटे व आगरकर हेही लवकरच त्या कार्यात सामील झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेच्या आजीव सदस्यांनी जो करार पत्करला तो आजच्या नेमणूकपत्राशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि महिना ७५ रुपये घ्यावयाचे, हा त्याचा गाभा. या करारात तासांचा हिशेब नव्हता, वर्षांचा होता. दिवसाचे किती तास संस्थेचे आणि किती स्वतःचे, हे लिहून ठेवण्याची गरज त्या तरुणांना वाटली नाही. जेझुइट पाद्र्यांच्या शिक्षणसंस्थांचा आदर्श त्यांच्यापुढे होता, आणि व्रत घेणारा मनुष्य घड्याळ पाहून व्रत घेत नसतो.

गरज वाटली ती पुढे, संस्था स्थिर झाल्यावर. सदस्यांचे संसार वाढले, शहरातील खर्च वाढला, आणि वेतनात वाढ असावी की नसावी हा वाद निघाला. त्याला लागूनच दुसरा प्रश्न उभा राहिला. शाळा-कॉलेजातील नेमलेले काम चोख पार पाडल्यावर उरलेल्या वेळात सदस्याने काय करावे, हे सांगण्याचा संस्थेला अधिकार आहे काय? टिळकांचे उत्तर स्पष्ट होते. ज्याने संस्थेला आयुष्याची वीस वर्षे दिली त्याने आपली सारी शक्ती संस्थेला दिली. बाहेरची प्राप्ती आणि बाहेरचे व्याप या दोहोंनी तो संकल्प पातळ होतो. आगरकरांच्या पक्षाचे म्हणणे असे की, ७५ रुपयांवर राहणाऱ्या गृहस्थाकडून संन्याशाची अपेक्षा करता येत नाही, आणि कर्तव्यात कसूर होत नसेल तर उरलेला वेळ ज्याचा त्याचा आहे. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा मतभेद विकोपास गेला, आणि त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला.

या घटनेकडे आपण बहुधा सामाजिक सुधारणेच्या वादाचे एक प्रकरण म्हणून पाहतो. तो वाद होताच, स्वभावांचे घर्षणही होते. पण राजीनाम्यात टिळकांनी ज्या तत्त्वावर भर दिला ते तत्त्व शिक्षकाच्या वेळेच्या मालकीचे होते, हे विसरता कामा नये. दोन्ही पक्षांना दोष देणे कठीण आहे. टिळक म्हणत होते ते खरे होते: त्यागाच्या पायावर उभी राहिलेली संस्था सदस्यांच्या उरल्यासुरल्या वेळावर चालत नाही. आगरकर-गोखले म्हणत होते तेही खरे होते: ज्याच्या आयुष्याचा प्रत्येक तास संस्थेचा, त्याला नागरिक म्हणून काही करण्यास जागाच राहत नाही. करार लिहिताना कोणीच न मोजलेल्या तासांनी पुढे हा पेच निर्माण केला.

या पेचाचा पुढला अध्याय फारसा सांगितला जात नाही. टिळक गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकविण्यासाठी १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांना बोलावण्यात आले आणि १८९२ त ते आजीव सदस्य झाले. याच कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजचे काम संपवून ते पायी तिकडे जात, तेथे शिकवीत आणि परत येऊन कॉलेजात उभे राहत. गणिताच्या तासाला त्यांनी कसूर केली असे कोणी म्हटले नाही. परंतु हिंगण्याची वाट ज्या वेळात तुडवली गेली तो वेळ कराराच्या कडक अर्थाने संस्थेचा ठरला असता, तर महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. शिक्षकाच्या मोकळ्या वेळावर समाजाचे किती अवलंबून असते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता परदेशाकडे वळू. तेथे हा प्रश्न त्यागाच्या भाषेत निघाला नाही, मजुरीच्या भाषेत निघाला. न्यूयॉर्क शहरातील शिक्षकांच्या दोन संघटना १९६० साली एकत्र आल्या. त्यांतील एक हायस्कूलच्या शिक्षकांची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ७ तारखेस त्यांनी एक दिवसाचा संप केला. डिसेंबर १९६१ मध्ये मतदान होऊन करार करण्याचा अधिकार या संघटनेस मिळाला, आणि एप्रिल १९६२ मध्ये पुन्हा एक दिवस संप झाल्यावर त्या वर्षी शहराशी रीतसर करार झाला. वेतनवाढ तर त्यात होतीच. पण शिक्षकांनी अभिमानाने सांगितलेली एक गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटेल. मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष न ठेवता निवांत जेवण्याचा हक्क त्यांना या करारात मिळाला. शिक्षकाने एका हाताने घास घ्यावा आणि दुसऱ्या हाताने मुलांची रांग सरळ करावी, ही रीत त्यापूर्वी कोणाला वावगी वाटत नव्हती.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट १९६८ साली मान्य झाली. दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांची देखरेख करणे शिक्षकावर बंधनकारक राहिले नाही. तरीही बहुतेक शिक्षक ती देखरेख करीतच राहिले. शाळा सुटल्यावरच्या बैठका, पालकांच्या भेटी, खेळांचे सामने, गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग, हे सारे अशाच सद्भावावर चालत होते. त्यांच्या नेमणुकीच्या कागदांत कामाचे तास मोजून दिलेले नव्हते. पुढे १९८४ ते १९८६ या काळात वेतनावरून दीर्घ तंटा पेटला, तेव्हा शिक्षकांनी वर्गावर जाणे सर्वस्वी थांबविले नाही. त्यांनी हा सद्भाव काढून घेतला. दुपारी शाळा ओस पडू लागल्या, संध्याकाळच्या सभा बंद झाल्या, मोकळ्या तासाला बदली वर्ग घेण्यास नकार येऊ लागला. कागदावर न लिहिलेल्या कामावर शाळा किती चालते, हे त्या दोन वर्षांत साऱ्या देशाला दिसले.

रॉदरहॅमसह काही स्थानिक संस्थांनी बदली वर्ग नाकारणाऱ्या शिक्षकांचे वेतन कापले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८६ साली निकाल लागला. शिक्षकांचा युक्तिवाद असा की, मोकळा तास हा आपल्या तयारीचा तास, आणि तेव्हा दुसऱ्याचा वर्ग घेणे ही कृपा आहे, कर्तव्य नव्हे. न्यायमूर्तींनी तो मान्य केला नाही. ज्याचा व्यवसाय विद्येचा आहे त्याची कर्तव्ये करारात एकेक करून लिहिलेली नसतात. शाळा नीट चालावी म्हणून मुख्याध्यापकाने केलेली वाजवी मागणी पाळणे हा त्या व्यवसायाचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. शिक्षक हरले. पण ज्या सन्मानाच्या भाषेत ते हरले ती पाहा: तू मजूर नाहीस, तू विद्वान आहेस, म्हणून तुझ्या वेळेची मर्यादा लिहिण्याचे कारण नाही! पुण्यातील आजीव सदस्यांचा करार आणि इंग्लंडमधील १९८६ चा निकाल येथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

निकालाने तंटा मिटला नाही. १९८७ साली शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांनी कायदा आणून, १९१९ पासून शिक्षकांचे वेतन ठरविणारी बर्नहॅम समिती मोडीत काढली आणि सेवाशर्ती सरकारी हुकुमाने ठरविल्या. तेव्हापासून इंग्लंड-वेल्सच्या शिक्षकाचे वर्ष आकड्यांत आले: १९५ दिवस काम, त्यांपैकी १९० दिवस अध्यापन, आणि मुख्याध्यापक सांगेल त्या कामासाठी वर्षाला १२६५ तास. भागाकार केला तर दिवसाला जेमतेम साडेसहा तास पडतात. मर्यादा अखेर ठरली, असे कोणासही वाटेल. पण त्याच हुकुमात पुढे म्हटले होते की, आपली कर्तव्ये परिणामकारकपणे पार पाडण्यासाठी लागतील तेवढे जादा तासही शिक्षकाने काम करावे. वह्या, टाचणे, प्रगतिपुस्तके या जादा तासांत गेली. मुख्याध्यापकाच्या हुकुमाला मर्यादा पडली. कामाला पडली नाही.

तरीही आम्ही या आकड्याला क्षुल्लक म्हणणार नाही. मोजदाद सुरू झाली म्हणून पुढली मागणी शक्य झाली. २००३ साली तेथे कामाच्या ओझ्याबाबत एक समझोता झाला. मुलांकडून पैसे गोळा करणे, ढिगाने छायाप्रती काढणे, भिंतीवर तक्ते लावणे अशी कामे शिक्षकाकडून काढून घेण्याचे ठरले. आणि सप्टेंबर २००५ पासून अध्यापनाच्या वेळेच्या निदान एक दशांश इतका वेळ, शाळेच्या वेळापत्रकातच, तयारी आणि तपासणीसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. वही तपासणे हेसुद्धा काम आहे, हे लिहून यायला इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे काय झाले? स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ खाजगी शाळेतील शिक्षकाची चिंता तासांची नव्हती, नोकरीच्या शाश्वतीची होती. ती चिंता दूर करण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. तो १९८१ च्या जुलैपासून अंमलात आला. नेमणूक, परिविक्षा, बडतर्फी आणि तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील, हा त्याचा मुख्य विषय. दिवसाची मोजणी हा त्याचा मुख्य विषय नव्हता. ती आली २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात. सहावी ते आठवीसाठी वर्षाला निदान २२० दिवस व १००० तास अध्यापन, आणि शिक्षकासाठी आठवड्याला, तयारीचा वेळ धरून, निदान ४५ तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे रोजचे साडेसात तास होतात. मुलांचे अध्यापनाचे तास त्याच मापाने आठवड्याला सुमारे सत्तावीस पडतात. म्हणजे एखादा शिक्षक एकही तास मोकळा न ठेवता शिकवील, तरी त्याच्याजवळ तयारीसाठी सतराहून अधिक तास उरले पाहिजेत, असे कायद्याचे गणित सांगते.

हे गणित किती शिक्षकांच्या अनुभवास येते, हे श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी शिक्षक आहेत त्यांनीच सांगावे. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतचा. त्याच हायस्कुलात, त्याच फळ्यापुढे नववी-दहावीला शिकविणारा शिक्षक या परिशिष्टाच्या बाहेर राहतो. त्याच कायद्याने शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कामे देण्यास मनाई केली, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. त्यानेच शिक्षकाच्या खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली. १८९० चा वाद येथे नव्या रूपाने उभा आहे, हे सूज्ञांच्या ध्यानात येईल. शिक्षकाने फावल्या वेळात काय करू नये हे कायदा सांगतो. सरकारने त्याचा फावला वेळ केव्हा घ्यावा, हेही तोच सांगतो.

मग शिक्षकाचा प्रत्येक मिनिट मोजावा काय? आमचे मत तसे नाही. ज्या दिवशी शिक्षक घंटेबरोबर पुस्तक मिटेल आणि शंका विचारणाऱ्या मुलाला ‘उद्या ये’ म्हणेल, त्या दिवशी करार पाळला जाईल आणि शाळा बुडेल. न मोजलेले तास हेच चांगल्या शाळेचे भांडवल असते. परंतु भांडवल देणाऱ्याच्या मर्जीने यावे लागते. इंग्लंडच्या शिक्षकांनी जो सद्भाव मागे घेतला, तो गृहीत धरला गेला होता म्हणूनच त्यांना मागे घ्यावासा वाटला. टिळकांनी मागितलेला त्याग थोर होता, कारण तो प्रथम त्यांनी स्वतः केला होता. तोच त्याग वरून आलेल्या परिपत्रकाने मागितला की त्याची वेठ होते.

म्हणून हुकुमाने घ्यावयाचे तास स्वच्छ मोजलेले असावेत, आणि तयारी व तपासणी त्यांत धरलेली असावी. त्यापलीकडचा वेळ शिक्षकाचा. तो आपल्या मुलांना देईल, ग्रंथालयाला देईल, एखाद्या हिंगण्याच्या वाटेला देईल, किंवा नुसता विश्रांती घेईल. शिक्षकाकडे आपण पालक म्हणून जातो, संस्थांच्या सभांत मत देतो, निवडणुकीत प्रतिनिधी पाठवतो. तेव्हा हा प्रश्न शिक्षकांच्या संघटनेवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या मुलाची वही रात्री अकरा वाजता कोणीतरी तपासते, तो वेळ कोणाच्या खात्यातून जातो, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.