काइटसर्फिंगमध्ये पाण्यापेक्षा किनाऱ्यावर धोका जास्त का असतो?

2008 च्या ऑगस्टमध्ये 'फे' नावाचं वादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडावरून जात होतं. जोराचा वारा मिळतोय म्हणून एक तरुण फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यावर काइट घेऊन उतरला. वाऱ्याच्या एका झोताने त्याला आपटलं, वाळूतून फरफटवलं आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नेऊन आदळलं. टीव्हीच्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला.

काइटसर्फिंग म्हणजे पायाला फळी, कमरेला हार्नेस आणि त्याला जोडलेला भलामोठा पतंग. हा काइट साधारण 7 ते 14 चौरस मीटरचा, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढा असतो. दोऱ्या बहुधा 20 ते 24 मीटर लांब असतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की काइटची ओढ दुप्पट नाही, चौपट होते. ताशी 25 किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात सांभाळता येणारा काइट 50 च्या झोतात माणसाला सहज उचलतो. खाली पाणी असेल तर बहुतेक वेळा गटांगळीवर भागतं. वाळू, खडक, झाड किंवा भिंत असेल तर हाडं मोडतात. म्हणूनच काइट हवेत ठेवून किनाऱ्यावर गप्पा मारत उभं राहणं, हा या खेळातला सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. काइट उडवला की लगेच पाण्यात शिरायचं आणि वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडे दोऱ्यांच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत काही टणक नाही ना, हे आधीच बघून ठेवायचं.

संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना 'ढील' वेगळी समजावून सांगायला नको. इथेही तीच कामाला येते. हातातला दांडा, म्हणजे बार, जवळ ओढला की ताकद वाढते. सोडला की कमी होते. पण घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो आणि नेमका तेव्हाच काइट जास्त ओढतो. त्यामुळे शिकणाऱ्याने बार सोडण्याची सवय आधी लावून घ्यावी लागते. तेवढ्याने भागलं नाही, तर हार्नेसपाशी असलेला क्विक रिलीज झटकन पुढे ढकलायचा. मग काइट एकाच दोरीवर लटकतो आणि त्याची बरीचशी ताकद जाते. तरीही ओढत राहिला, तर ती शेवटची दोरी, म्हणजे सेफ्टी लीशही सोडून द्यायची. काइट महाग असतो, म्हणून ही शेवटची पायरी गाठायला लोक उशीर करतात. रिलीजमध्ये वाळू अडकते, त्यामुळे दरवेळी पाण्यात जाण्यापूर्वी तो चालवून बघायला हवा.

वाऱ्याच्या दिशेचं गणित शाळेच्या भूगोलातच होतं. दिवसा समुद्रावरून येणारे ते खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून जाणारे ते मतलई वारे. मतलई वाऱ्यात काइट उडवला आणि काही बिघडलं, तर माणूस खोल समुद्राकडे ढकलला जातो. सोबत बोट नसेल तर हे टाळावंच. अगदी समोरून किनाऱ्यावर येणारा वारा वाळूवर आपटतो. सगळ्यात बरा तो समुद्राकडून तिरका येणारा. गोव्यात मोरजी आणि आश्वे किनाऱ्यांवर हा खेळ चालतो त्याचं एक कारण हेच: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आणि दुपारचा वारा वायव्येचा. मात्र वळवाचे ढग दिसले की काइट खाली घ्यायचा. त्या पावसाआधी सुटणारं वावधान कुणाला विचारून येत नाही.

हेल्मेट आणि तरंगायला मदत करणारं जॅकेट हवंच. दोऱ्या कापायला हुकसारखा चाकूही जवळ असावा. फळी मात्र दोरीने अंगाला बांधू नये. ती ताणून उलटी येते आणि डोक्यात बसते. किनाऱ्यापासून लांब काइट पडला आणि परत उठेना, तर सगळं सोडून पोहत सुटू नये. रिलीज वापरून ताकद काढायची, दोऱ्या बारवर गुंडाळायच्या आणि हवा भरलेल्या काइटलाच धरून तरंगत राहायचं. तो लांबून दिसतो, माणसाचं डोकं दिसत नाही. हे सगळं यूट्यूबवर बघून येत नाही. पहिले काही दिवस प्रमाणित प्रशिक्षकाकडेच काढावे लागतात.

किनाऱ्यावर रील काढणाऱ्यांसाठीही नियम आहेत. काइट उडवणाऱ्याच्या मागे, म्हणजे वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं राहावं. वाळूत पसरलेल्या दोऱ्या ओलांडू नयेत, पोरांनाही ओलांडू देऊ नये. ताण आला की त्या मांज्यासारख्या कापतात. आणि एखादा काइट सुटून धावत आलाच, तर मदत म्हणून त्याची दोरी पकडायला जाऊ नये.