पुढाऱ्याची श्रद्धा आणि आपले मत

निवडणूक जवळ आली की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. शुक्रवारी रात्री किद्दुश होऊन जेवणे सुरू झाली की थोरली मंडळी विचारतात, "हा पुढारी शब्बाथ पाळतो का? देवाला मानतो का?" तरुण म्हणतात, "त्याच्याशी आपल्याला काय करायचे?" दोन्ही बाजू आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पण या प्रश्नावर आपल्या समाजाला स्वतःचा अनुभव आहे, आणि तोही दोन देशांतला. तो मुलाबाळांना सांगितला पाहिजे.

प्रथम मुंबईचा. १९०९ च्या सुधारणांनी हिंदुस्थानात मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले आणि धर्माप्रमाणे मत हा राजकारणातला मोठा प्रश्न होऊन बसला. आपण तर इतके थोडे, की केवळ स्वतःच्या मतांवर आपला एक माणूसही निवडून येणे कठीण. तरीही १९१६ साली लोकमान्य टिळकांवर त्यांच्या भाषणांवरून खटला झाला, तेव्हा बॅरिस्टर जिनांच्या जोडीला टिळकांच्या बाजूने आपले डेव्हिड एरुलकर उभे होते. पुढे १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. महापौर निवडत ते नगरसेवक, आणि त्यांत बेने इस्राएल असे कितीसे असणार? हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सभासदांनी आपला धर्म आडवा येऊ दिला असता, तर तो मान आपल्याला मिळालाच नसता. महालक्ष्मीकडच्या रस्त्याला आजही त्यांचे नाव आहे. तिथून जाताना आमचे बाबा पाटीकडे बोट दाखवून थांबत.

आता इस्राएलचा. इथे बहुसंख्य यहुदीच, तेव्हा हा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. १९५३ च्या कायद्याने यहुद्यांची लग्ने व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेले. १९६१ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहास हरकत नाही असे ठरविले खरे, परंतु १९६२ च्या सूचनांनुसार आपल्या मुलामुलींच्या लग्नाआधी आई, आजी, पणजी यांच्या कुळाची चौकशी होऊ लागली. आम्ही तेव्हा मुंबईत अगदी लहान होतो. आत्याचे पत्र इकडून आले की ते मोठ्याने वाचले जाई. एकदा पत्र संपल्यावर आजी म्हणाली, "कोकणात इतकी वर्षे शनवार पाळला, मग आपण कोण?" कोणी उत्तर दिले नाही.

१९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेमेत ठाण मांडले. ऑगस्टमध्ये क्नेसेटची खास बैठक बोलावण्यात आली. पंतप्रधान लेवी एश्कोल मजूर पक्षाचे. धर्मनिष्ठ म्हणून त्यांची ख्याती नव्हती. त्यांच्या मंत्रिमंडळात धार्मिक पक्षाचे मंत्रीही होते. तरी बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, विवाहाच्या बाबतीतही त्यांच्यात व इतरांत भेद नाही, असे सरकारतर्फे जाहीर झाले. त्यानंतर रब्बींच्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले.

यावरून कोणी म्हणेल, धार्मिक पुढारी नकोतच. आम्हाला ते पटत नाही. १९६१ साली हरकत नाही म्हणणारेही रब्बीच होते, आणि आपले वाडवडील टिकले ते श्रद्धेवरच. उलट कोणी म्हणेल, श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब, तिकडे पाहूच नये. तेही पुरते खरे नाही. जिथे लग्नाची नोंद धर्मसत्तेच्या हाती आहे, तिथे ते खाते कोणाकडे जाते याचा संबंध आपल्या लेकीच्या मांडवाशी येतो.

आमची सारी नोकरी इस्पितळात गेली. सुई टोचणारी परिचारिका कोणत्या देवाची प्रार्थना करते, हे रोग्याने कधी विचारले नाही; हात स्थिर आहे ना, एवढेच पाहिले. पण एखादीने म्हटले असते की माझ्या धर्मामुळे मी या रोग्याला हात लावणार नाही, तर मात्र तिची श्रद्धा ही त्या रोग्याचीही बाब झाली असती. पुढाऱ्याचेही तसेच आहे. तो स्वतः काय पाळतो ते त्याच्यापाशी राहो. सत्तेच्या जोरावर तो दुसऱ्याला काय पाळायला लावणार, दुसऱ्याचे काय नाकारणार, हे विचारण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

क्नेसेटसाठी आपण एका माणसाला नव्हे, सबंध यादीला मत देतो. तेव्हा यादीच्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर किप्पा आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. पाकिटात चिठ्ठी घालण्यापूर्वी विचारावे: १९६२ सारखी वेळ उद्या दुसऱ्या कोणत्या समाजावर आली, तर हे लोक कोणाच्या बाजूने उभे राहतील? आपल्या वेळी कोण उभे राहिले, हे आपण तरी विसरू नये.